नोकरीतला भेदभाव : पुण्यात एक कायदा, परदेशात दुसरा – तुमचे अनुभव

मी पुण्यात आयटीत एचआर सांभाळते. एकाच टीममधली काही माणसं हिंजवडीत, काही लंडनला, काही अमेरिकेत. मुलाखतीत काय विचारायचं, कुणाला कशावरून काढायचं याचे कायदे देशागणिक बदलतात, हे बहुतेकांना वेळ आली की कळतं. लागू होतो तो सहसा आपण जिथे काम करतो तिथला कायदा, क्लायंटच्या देशाचा नव्हे. आपल्या घटनेचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे. खासगी नोकरीतले सगळे भेद एकत्र धरणारा कायदा आपल्याकडे नाही. तुम्हाला काय अनुभव आले? कंपनीचं नाव नको, बाकी मोकळेपणाने लिहा.

बाणेरहून
पुण्यातल्या पहिल्या नोकरीच्या अर्जात धर्म, वडिलांचा व्यवसाय, लग्न झालंय का, असे रकाने होते. मुलाखतीत "लग्नाचं काय ठरलंय? सासर पुण्यातच असेल ना?" पुढे मँचेस्टरला अर्ज केला. तिथेही वय, धर्म, वंश विचारणारं एक पान होतं, पण ते वेगळं. 'सांगायचं नाही' अशी चौकट असलेलं आणि मुलाखत घेणाऱ्यांपर्यंत न जाणारं. तिथल्या २०१०च्या कायद्यात भेदभावाची नऊ कारणं नावानिशी दिली आहेत. नोकरी देऊ करण्याआधी तब्येतीची चौकशीही सहसा चालत नाही. मी शेवटपर्यंत घरच्या प्रश्नाची वाट बघत होते. तो आलाच नाही.

चाकणहून
आम्ही जर्मनीला पार्ट पुरवतो. तिकडच्या जाहिरातीत पदाच्या नावापुढे पुरुष, स्त्री, इतर अशी तीन अक्षरं असतात. २००६च्या कायद्यानुसार डावललेल्या उमेदवाराला दोन महिन्यांत लेखी दावा करता येतो. आमच्या गेटवर मात्र बोर्ड : 'आयटीआय फिटर पाहिजेत, फक्त मुले'. खरं तर १९७६च्या समान वेतन कायद्यानेच भरतीत असा भेद करायला मनाई केली होती, आता वेतन संहितेतही ती आहे. साहेबांना छापील कलम दाखवलं, तेव्हा बोर्ड उतरला.

विश्रांतवाडीहून
"आडनाव नवीन वाटतंय, मूळचे कुठले?" गाव सांगितलं की तालुका, मग "तिथे कोणत्या आळीत?" माझं प्रमोशन अडलं तेव्हा कारण मिळालं, 'टीममध्ये फिट बसत नाही'. वकील म्हणाले, अॅट्रॉसिटी कायदा फौजदारी आहे, एवढ्या शब्दांवर तिथे काही टिकणार नाही. अमेरिकेत तरी सोय असेल असं वाटायचं. तिथल्या १९६४च्या कायद्यात वंश, रंग, धर्म, लिंग, राष्ट्रीय मूळ आहे, जात नाही. सिएटल शहराने २०२३मध्ये आपल्या शहराच्या कायद्यात ती घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात विधिमंडळाने मंजूर केलेलं विधेयक गव्हर्नरांनी परत पाठवलं. दोन्हीकडे बाजूने आणि विरोधात बोलायला आपलेच लोक उभे होते, हे फार लागलं.

औंधहून
बाळंतपणाच्या रजेत आपण पुढे आहोत. २०१७पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, पगारी. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १२ आठवडे, तेही बिनपगारी. टेक्सासमधली माझी लीड टाके ओले असतानाच लॅपटॉप उघडून बसली होती. पण इथे ती रजा द्यायला लागू नये म्हणून नव्या लग्नाच्या मुलींना मुलाखतीतच गाळतात. मी पॅनेलवर बसून बघितलंय.

कोथरूडहून
पन्नाशी उलटल्यावर मला मीटिंग रूममध्ये बोलावलं. समोर टाइप केलेला राजीनामा, फक्त सही बाकी. "आजच केलीत तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ देऊ." त्याच कपातीत माझी ओहायोतली सहकारी गेली. तिला विचार करायला ४५ दिवस, सही केल्यावरही मागे घ्यायला ७ दिवस, आणि सोबत एक यादी : विभागातून कोणत्या पदावरची, किती वयाची माणसं काढली, किती वयाची ठेवली. तिथे १९६७चा कायदा चाळिशीपुढच्यांना संरक्षण देतो. वयाबद्दलचा दावा सोडून द्या असं सामूहिक कपातीत लिहून घ्यायचं तर कंपनीला ही यादी द्यावीच लागते. तिने ती मला फोनवर वाचून दाखवली. काढलेल्यांत एकामागून एक ५२, ५५, ४९. पुण्याची अशी यादी कोणी मागूच शकत नव्हतं.

धागाकर्ती : दादा, सही केलीत?

कोथरूडहून : नाही. मेल लिहिला की मी राजीनामा देत नाही, कमी करायचं असेल तर तसं लेखी द्या. नोटीस पिरियडचा पगार आणि ग्रॅच्युइटी पूर्ण मिळाली. वयावरून काढलं म्हणून दाद मागावी, असं कलम मात्र वकिलांनाही सापडलं नाही.