अनुभव धागा: घरच्यांसोबत व्हिटबीत एक दिवस

इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचं व्हिटबी, एस्क नदीच्या मुखाशी वसलेलं जुनं बंदर. मुलंबाळं, आईवडील घेऊन तिथे जाऊन आला असाल तर जरूर लिहा. तुमच्या घरात कोणाला काय भावलं, ते वाचायचंय.

सुरुवात मीच करते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे चर्च स्ट्रीटवरून मठाकडे जाणाऱ्या १९९ पायऱ्या त्यांना झेपणाऱ्या नव्हत्या. पण वर मठाजवळ गाडीतळ आहे, थेट तिथेच उतरलो. इथला पहिला मठ ६५७ साली हिल्डा या ख्रिस्ती साध्वीने स्थापला. आज उभ्या आहेत त्या भग्न कमानी बऱ्याच नंतरच्या. शेजारच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात कॅडमनचा क्रूस आहे. कॅडमन मठातला गुराखी. मेजवानीत गायची पाळी जवळ आली की उठून निघून जायचा. एका रात्री स्वप्नात कोणीतरी ‘गा’ म्हणालं आणि त्याला गाणं सुचलं. नावानिशी माहीत असलेला इंग्रजीतला हा पहिला कवी. सासूबाईंनी गोष्ट पुन्हा सांगायला लावली. मग म्हणाल्या, “आपल्या जनीसारखंच गं, राबता राबता देव भेटला.”

— आमचा मुलगा जहाजवेडा, म्हणून आम्ही आधी ग्रेप लेनवरचं कॅप्टन कुक संग्रहालय गाठलं. १७४६ मध्ये कुक इथल्या जॉन वॉकर या जहाजमालकाकडे उमेदवारीला लागला. शिकाऊ पोरं माळ्यावर झोपत. तिथून आमचं पोरगं हलेना. पुढे कुक ज्या ‘एंडेव्हर’मधून ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला पोहोचला, तेही मुळात व्हिटबीत बांधलेलं, कोळसा वाहणारं सपाट बुडाचं जहाज. तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी पुढे कशा गेल्या, हेही त्याला तिथेच सांगितलं. जहाजाचं कौतुक करताना ते गाळून चालत नाही.

— आईला जेटचे दागिने फार आवडले. हे कोट्यवधी वर्षांपूर्वीचं, जमिनीत गाडलं गेलेलं लाकूड. काळंभोर, पण वजनाला हलकं. १८६१ मध्ये नवरा अल्बर्ट वारल्यावर राणी व्हिक्टोरियाने शोकात ते वापरलं आणि गावाचा हा धंदा भरभराटीला आला.

— पायऱ्या चढणार असाल तर मधे बाकं आहेत. पूर्वी चर्चकडे शवपेटी नेताना ती तिथे टेकवत. बंदरावर फिश अँड चिप्स खाताना लहान मुलांना भिंतीकडे बसवा, सीगल हातातला घास पळवतात. रेल्वेने जाणाऱ्यांनी परतीची वेळ आधीच पाहून ठेवावी, मिडल्सबरो शहराकडे जाणाऱ्या गाड्या दिवसातून मोजक्याच आहेत.