टांझानियात गणित शिकवायला जायचे आहे : संस्था, परवाना आणि तयारीबद्दल सल्ला हवा

धागाकर्ती :

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना गणित शिकवत असे आणि नुकतीच सेवानिवृत्त झाले आहे. प्रकृती उत्तम आहे, घरच्या जबाबदाऱ्या बऱ्याच हलक्या झाल्या आहेत, आणि जिथे शिक्षकांची खरोखर उणीव आहे अशा ठिकाणी काही महिने राहून शिकवावे, अशी इच्छा बरेच दिवस मनात आहे. टांझानियातील माध्यमिक शाळांत गणित आणि विज्ञानाचे शिक्षक कमी पडतात असे वारंवार वाचनात आल्यामुळे माझा ओढा त्या देशाकडे आहे.

स्वयंसेवक पाठवणाऱ्या एका खासगी कंपनीशी पत्रव्यवहार केला, तेव्हा त्यांनी अरुषाजवळच्या एका अनाथाश्रमात दोन आठवडे इंग्रजी शिकवणे आणि शेवटी सेरेंगेटीची सफर असा कार्यक्रम सुचवला. शुल्क माझ्या अपेक्षेपेक्षा फारच मोठे आहे. व्हिसाबद्दल विचारले असता पर्यटक व्हिसा पुरेसा असल्याचे उत्तर आले. हे योग्य आहे का? नसेल तर जावे कसे? मी शाकाहारी आहे आणि एकटीने प्रवास करण्याची मला सवय आहे. माझी भाची परिचारिका आहे आणि तीही सोबत येऊ इच्छिते. कृपया अनुभवी व्यक्तींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (मोशीजवळच्या माध्यमिक शाळेत शिकवून आलेली) :

ताई, आपला विचार वाचून फार आनंद झाला, म्हणूनच आधी एक आग्रहाची विनंती करते : त्या कंपनीला नकार कळवा.

पर्यटक व्हिसावर टांझानियात काम करता येत नाही आणि बिनपगारी काम हेसुद्धा तिथल्या कायद्याच्या दृष्टीने कामच असते. काही महिने राहणाऱ्या स्वयंसेवकांसाठी 'क्लास सी' हा निवास परवाना असतो. त्याच्या अर्जात यजमान शाळेचा किंवा संस्थेचा पुढाकार लागतो, कारण आपली जबाबदारी कोण घेत आहे हे त्यांना कागदावर दाखवावे लागते. जी संस्था हा खटाटोप टाळून पर्यटक म्हणून उतरायला सांगते, ती कायदेशीर धोका पूर्णपणे आपल्यावर ढकलत असते. पुढे अधिकाऱ्यांनी शाळेत येऊन विचारणा केली, तर उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेच्या २००९ च्या अहवालानुसार जगभरातील अनाथाश्रमांसारख्या संस्थांत राहणाऱ्या दर पाच मुलांपैकी किमान चौघांची आई, वडील किंवा दोघेही हयात असतात. गरीब पालकांना जेवणाचे आणि शिक्षणाचे आश्वासन देऊन मुले आणली जातात, मुले आहेत म्हणून परदेशी पाहुणे येतात, आणि पाहुण्यांचे पैसे येत राहावेत म्हणून मुलांना घरी परत पाठवण्यात कोणालाच रस उरत नाही. सगळेच अनाथाश्रम असे असतात असे माझे म्हणणे नाही. परंतु दर पंधरवड्याला नवी माणसे येऊन माया लावतात आणि निघून जातात, हा आघात चांगल्या चालवलेल्या आश्रमातल्या मुलांनाही सोसावाच लागतो. अशा मुलांची काळजी कायमस्वरूपी, प्रशिक्षित आणि त्यांचीच भाषा बोलणाऱ्या माणसांनी घ्यायची असते.

आता आपल्याजवळ खरोखर काय आहे ते पाहू. टांझानियात १९६७ पासून सरकारी प्राथमिक शिक्षणाचे माध्यम स्वाहिली आहे आणि माध्यमिक शाळेत पाऊल ठेवताच सर्व विषय इंग्रजीतून सुरू होतात. सात वर्षे स्वाहिलीतून गणित शिकलेल्या मुलाला 'फॉर्म वन'च्या, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्षाच्या, वर्गात शाब्दिक उदाहरण समोर आले की गणिताआधी भाषाच अडवते. मुलाला त्रैराशिक येत असते, प्रश्न कळत नसतो. मराठी माध्यमातून दहावीला उत्तम गुण मिळवून अकरावी विज्ञानाला गेलेली आपली मुले पहिल्या सहामाहीत जशी गप्प होतात, अगदी तसाच तो गप्प होतो. ताई, आपण ही मुले पाहिली आहेत. त्यांच्यासाठी संज्ञांच्या याद्या केल्या असतील, उदाहरण आधी मराठीत सांगून मग इंग्रजीत वाचून घेतले असेल. ही समज पाश्चात्त्य देशांतून येणाऱ्या बहुतेक स्वयंसेवकांकडे नसते, कारण त्यांनी स्वतः परक्या भाषेत गणित शिकलेले नसते. दोन आठवडे इंग्रजी गाणी म्हणवून घेण्यात आपला हा अनुभव वाया घालवू नका, असे मी कळकळीने सांगते.

तिथे २०१६ पासून 'फॉर्म फोर'पर्यंतचे सरकारी शिक्षण निःशुल्क झाल्यावर पटसंख्या झपाट्याने वाढली, पण गणित-विज्ञानाचे शिक्षक त्या प्रमाणात वाढले नाहीत, तेव्हा आपण वाचलेली माहिती खरी आहे. मात्र वर्ग स्वतःच्या ताब्यात घेऊ नका. तिथल्या गणिताच्या शिक्षकासोबत पाठाची आखणी करा, त्याच्या तासाला बसा, त्याला आपल्या तासाला बसवा, म्हणजे आपण परतल्यावरही ते काम त्या शाळेत राहील. एका गोष्टीची मनाची तयारी करून जा : तिथल्या शाळांत छडीची शिक्षा अजूनही कायद्याने मान्य आहे. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने ती बंद झाल्यामुळे हे पाहणे जड जाते. शिक्षकांना चारचौघांत टोकल्याने काही साधत नाही. आपला वर्ग छडीविना कसा चालतो हे ते रोज पाहतात आणि मग स्वतःहून विचारतात.

प्रतिसाद (वैद्यकीय व्यवसायातील) :

आरोग्याच्या बाजूने लिहितो. पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीबाबत गोंधळ असतो. टांझानिया ही लस घेतल्याचे प्रमाणपत्र पीतज्वराचा धोका असलेल्या देशांतून येणाऱ्यांकडे, तसेच अशा देशाच्या विमानतळावर बारा तासांहून अधिक थांबलेल्यांकडे मागतो. मुंबईहून जाणारी अनेक विमाने आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जातात, आणि इथिओपिया व केनिया हे दोन्ही देश धोका असलेल्या देशांच्या यादीत आहेत. परतताना भारतातील नियम आणखी कडक आहेत : यादीतील देशातून प्रमाणपत्राविना आलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. म्हणून लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, कारण प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होते. २०१६ पासून ते आजीवन ग्राह्य आहे. साठीच्या आसपासच्या व्यक्तींना या लसीचे गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता थोडी अधिक असते, शिवाय अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनाही ती चालत नाही. तेव्हा केंद्रावर जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

खरी काळजी मलेरियाची करावी. तिथे प्रामुख्याने फाल्सिपेरम हा घातक प्रकार आढळतो आणि क्लोरोक्वीन त्यावर चालत नाही. मलेरिया टाळण्यासाठीच्या गोळ्यांपैकी डॉक्सिसायक्लिन जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत घ्यावी लागते. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवसांनी थांबवता येते, पण महाग पडते. मेफ्लोक्वीन दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी लागते आणि काहींना त्यामुळे मानसिक त्रास होतो. मच्छरदाणी गोळ्यांच्या जोडीने हवीच. भारतात परतल्यानंतर काही महिन्यांत कधीही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या आणि आफ्रिकेत राहून आल्याचे डॉक्टरांना न विचारता सांगा. आपल्याकडे ताप म्हटले की डेंग्यूचा विचार आधी होतो आणि त्यात मोलाचे तास जातात.

टायफॉइड आणि हेपॅटायटिस ए यांच्या लसी घ्याव्यात. व्हिक्टोरिया सरोवरात पोहू नये, कारण त्या पाण्यातून शिस्टोसोमा हे परजीवी त्वचेवाटे शरीरात शिरतात.

भाचीबद्दल : परदेशी परिचारिकेला तिथे रुग्णसेवा करायची असेल तर टांझानियाच्या परिचारिका व प्रसाविका परिषदेकडे नोंदणी आवश्यक आहे. 'कागदपत्रांची गरज नाही, या आणि इंजेक्शने द्या' असे सांगणाऱ्या संस्था आहेत. जे काम नोंदणीविना आपण सांगलीत करणार नाही, ते तिथल्या रुग्णावरही करू नये. तिने आधी अर्ज करावा, वेळ लागला तर ताईंनी पुढे जावे.

प्रतिसाद (वेगळे मत) :

मला नम्रपणे असे सुचवावेसे वाटते की विमानभाडे, परवाना आणि राहण्याचा खर्च मिळून जी रक्कम होईल, ती एखाद्या चांगल्या शाळेला दिली तर तिथल्याच शिक्षकाचे वेतन निघू शकेल. शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन सरकारी नेमणुकीची वाट पाहणारे तरुण टांझानियातही आहेत. त्यांच्या जागी आपण बाहेरून जाऊन विनामूल्य शिकवणे कितपत न्याय्य आहे?

प्रतिसाद (मोशीजवळच्या माध्यमिक शाळेत शिकवून आलेली) :

आपला आक्षेप मला गंभीर वाटतो आणि ताईंनी तो डावलू नये असेच मी म्हणेन. म्हणूनच शाळेला पहिल्या पत्रात विचारावे की ही जागा रिकामी का आहे, आणि मी आले नाही तर तो वर्ग कोण घेईल. नेमणुकीची वाट पाहणाऱ्यांत कला शाखेचे पदवीधर बरेच असतात, गणिताची जागा भरणे मात्र अवघड जाते. तरीही एखादा स्थानिक गणित-शिक्षक केवळ पैशांअभावी नेमता येत नसेल, तर खुशाल पैसे पाठवावेत आणि आपण सांगलीत राहून ऑनलाइन पाठ-आखणीला मदत करावी. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक विभागाची ऑनलाइन स्वयंसेवेची सोय आहे, तीही पाहावी. हाच विभाग प्रत्यक्ष पाठवत असलेल्या स्वयंसेवकांकडून शुल्क न घेता उलट निर्वाहभत्ता देतो. तिथे निवड कठीण असते, पण अर्ज करायला हरकत नाही.

प्रतिसाद (दार-ए-सलाममध्ये नोकरीनिमित्त राहिलेला) :

व्यवहारातील काही गोष्टी सांगतो. शाकाहाराची चिंता करू नका. मक्याच्या पिठाचा उगाली, राजम्यासारखे शिजवलेले 'महारागे', 'म्चिचा' ही माठाची भाजी, भात आणि चपाती हे रोजचेच अन्न आहे. मात्र भाजीत सुकी मासळी किंवा मांसाचा रस्सा नाही ना, हे विचारून घ्यावे. दार-ए-सलाम, अरुषा आणि मोशी येथे गुजराती दुकानांत डाळी, मसाले, पोह्यांपर्यंत सारे मिळते.

वेळेचा हिशेब आधी समजून घ्या. स्वाहिलीत दिवस सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे सकाळचे सात म्हणजे पहिला तास आणि आठ म्हणजे दुसरा. कोणी स्वाहिलीत 'दोन वाजता' म्हणाले तर सकाळी आठला हजर राहायचे असते. शंका आली की इंग्रजीतून पुन्हा विचारावे.

वयाने मोठ्या व्यक्तीला 'शिकामो' म्हणून नमस्कार करतात आणि मोठ्यांनी 'मारहबा' म्हणायचे असते. आपल्याला विद्यार्थी रोज शिकामो म्हणतील, तेव्हा उत्तर तयार ठेवा. शहरात 'बजाजी', म्हणजे आपल्या बजाजच्या तीनचाकी रिक्षा, दिवसा सोयीच्या आहेत. अंधार पडल्यावर 'बोडाबोडा' या मोटारसायकलींवर बसू नका आणि ओळखीच्या चालकाची गाडी बोलवा. दार-ए-सलाममध्ये रस्त्याच्या कडेने चालताना पर्स वाहनांच्या बाजूला लटकवू नका, कारण मोटारसायकलवरून ती हिसकावतात. किनारपट्टीवर आणि झांझिबारमध्ये खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत, आपला सलवार-कुडता तिथे उत्तम चालतो. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१९ पासून बंदी आहे, सामान बांधताना लक्षात ठेवा. डॉलरच्या जुन्या किंवा डाग पडलेल्या नोटा घेत नाहीत.

धागाकर्ती :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. त्या कंपनीला आजच नकार कळवला आहे. स्थानिक शिक्षकांबद्दलचा आक्षेप माझ्या मनात राहील आणि शाळेला तो प्रश्न मी नक्की विचारेन. आता दोनच शंका आहेत : शाळा शोधायची कशी, आणि कोणत्या महिन्यात जावे?

प्रतिसाद (मोशीजवळच्या माध्यमिक शाळेत शिकवून आलेली) :

ताई, किलिमांजारो आणि अरुषा भागात लुथरन आणि कॅथलिक धर्मप्रांतांच्या अनेक माध्यमिक शाळा आहेत. त्यांच्या शिक्षण कार्यालयांना थेट पत्र लिहावे. आपली पदवी, अनुभवाचा दाखला आणि राहण्याचा कालावधी स्पष्ट कळवावा. किमान एक पूर्ण सत्र द्यावे, त्याहून कमी काळात मुलांची नावेच जेमतेम पाठ होतात. उत्तरात ते काय विचारतात याकडे लक्ष द्या. चांगली शाळा पोलिसांचा चारित्र्य दाखला मागते, जुन्या मुख्याध्यापकांशी बोलू इच्छिते आणि बालसंरक्षणाचे नियम वाचून सही घेते. पारपत्र कार्यालयाकडून तो दाखला आधीच काढून ठेवा. जिथे फक्त पैसे कधी भराल एवढेच विचारतात, तिथे जाऊ नये.

शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होते आणि 'फॉर्म फोर'ची राष्ट्रीय परीक्षा नोव्हेंबरमध्ये असते. स्वाहिलीतून इंग्रजीत येणाऱ्या नव्या मुलांना सर्वाधिक गरज पहिल्या महिन्यांत असते, म्हणून जानेवारीच्या आरंभी पोहोचणे उत्तम. मार्च ते मे या काळात मोठा पाऊस असतो आणि कच्चे रस्ते चिखलाने बंद पडतात, तेव्हा शाळेच्या आवारातच राहण्याची सोय मागा. परवान्याला वेळ लागतो, म्हणून पत्रव्यवहार जून-जुलैतच सुरू करावा. तोवर टांझानिया इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनची 'फॉर्म वन'ची गणिताची पाठ्यपुस्तके मिळवून त्यांतील प्रत्येक शाब्दिक उदाहरण सोडवा आणि अपूर्णांक, कोन, त्रिकोण, नफा-तोटा यांचे स्वाहिली शब्द वहीत उतरवायला लागा. पत्राचा मसुदा इथे टाकलात तर मी तो आनंदाने तपासून देईन.