मदत हवी आहे: माकडांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल मोजताना क्रिएटिनिन घ्यावं की विशिष्ट गुरुत्व?

नमस्कार मंडळी,

मी प्राणिशास्त्रात संशोधन करते. रानात मोकळ्या फिरणाऱ्या माकडांच्या एका टोळीत ताण कसा चढतो-उतरतो हे कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकावरून (हार्मोनवरून) पाहायचं आहे. रक्त घ्यायचं तर गुंगीचं इंजेक्शन मारून जनावर खाली आणावं लागतं, आणि त्या धसक्यानेच रक्तातलं कॉर्टिसॉल काही मिनिटांत वर जातं. मग हाती येतो तो आपणच दिलेल्या भीतीचा आकडा. शिवाय पोटाशी पिल्लू असलेल्या मादीला एका नळीभर रक्तासाठी झाडावरून पाडणं मला मुळातच पटत नाही. म्हणून लघवी. माकड उठून पुढे गेलं की पानांवर पडलेले थेंब पिपेटने उचलायचे, बस.

विष्ठेचाही विचार केला. ती मिळायला सोपी, पण तिच्यात बराच काळ एकत्र कालवला जातो. सकाळी झालेल्या भांडणाचा पडसाद दुपारी दिसतो का, हा माझा प्रश्न आहे. त्यासाठी मागच्या काही तासांचाच हिशोब सांगणारी लघवी बरी.

अडलंय ते पातळपणापाशी. भरपूर पाणी प्यायलेल्या माकडाची लघवी पातळ, तहानलेल्याची घट्ट. त्यामुळे एका मिलिलिटरमध्ये किती नॅनोग्रॅम कॉर्टिसॉल सापडलं, या आकड्याला एकट्याने काहीच अर्थ नाही.

सरांचं म्हणणं, कॉर्टिसॉलच्या आकड्याला क्रिएटिनिनने, म्हणजे शरीरातून लघवीवाटे बाहेर पडणाऱ्या एका टाकाऊ पदार्थाच्या प्रमाणाने, भागावं. जुनं बरंचसं काम तसंच झालंय, तुलना करता येईल. हे मान्य. पण क्रिएटिनिन येतं स्नायूंमधून. पिल्लात ते कमी, धिप्पाड नरात जास्त. म्हणजे कॉर्टिसॉल सारखंच असलं तरी भागाकारानंतर पिल्लू जास्त ताणाखाली दिसणार. त्याहून मोठी काळजी उपासमारीच्या महिन्यांची. खाणं कमी पडलं की स्नायू झिजतात, क्रिएटिनिन उतरतं आणि गुणोत्तर आपोआप फुगतं. अन्न कमी तेव्हा ताण जास्त, हेच तर मला तपासायचंय! मापनाची चूक नेमकी माझ्या अपेक्षेच्या बाजूने झुकणार असेल, तर त्या निष्कर्षावर मीच विश्वास ठेवू शकणार नाही.

म्हणून माझा कल विशिष्ट गुरुत्वाकडे आहे, म्हणजे पाण्याला 1 धरून लघवी त्याच्या किती पट जड आहे ते पाहण्याकडे. ते मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरला (थेंबातून प्रकाश किती वळतो ते पाहणारं छोटं उपकरण) एक-दोन थेंब पुरतात आणि मोजणी जागेवरच होते. टोळीची सरासरी समजा 1.020 आहे आणि नमुना 1.010 चा निघाला, तर दोन्हींतून 1 वजा करून भागायचं: 0.020 भागिले 0.010, म्हणजे कॉर्टिसॉलचा आकडा दुप्पट करायचा. इथवर सरळ आहे. पण नमुना 1.002 चा असेल तर गुणक थेट 10 होतो. साध्या रिफ्रॅक्टोमीटरवर 0.001 चा फरक सहज पडतो. वाचन 1.003 झालं तर गुणक 6.7, आणि 1.001 झालं तर 20! एकाच लघवीची तीन उत्तरं. असे फार पातळ नमुने वगळावेत हे कळतं. पण पावसाळ्यात, पाण्याची ददात नसताना, पातळ नमुनेच जास्त मिळणार. ते सगळे टाकले तर त्या ऋतूतली फक्त घट्ट लघवी उरेल आणि तुलना तिथेही तिरकी होईल. सीमा कुठे आखावी, आणि ती सगळ्या ऋतूंना एकच ठेवावी का?

पानावरच्या दवाची मला तितकी धास्ती नाही. दव मिसळलं की कॉर्टिसॉल आणि गुरुत्व दोन्ही उतरतात, दुरुस्तीत ते सावरतं. मातीतल्या क्षारांनी मात्र गुरुत्व उगाच वाढेल, म्हणून जमिनीवर सांडलेली लघवी घेणार नाही. विष्ठेला लागलेलीही नाही.

आणखी एक शंका कॉर्टिसॉल मोजायच्या किटबद्दल. मूत्रपिंडात बरंचसं कॉर्टिसॉल कॉर्टिसोनमध्ये बदलतं, आणि किटमधली अँटिबॉडी (कॉर्टिसॉलला चिकटून ते पकडणारं प्रथिन) अशा जवळच्या रेणूंनाही थोडीफार चिकटते. मास स्पेक्ट्रोमेट्रीत (रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या तपासणीत) ते वेगळे मोजता येतात, पण सगळे नमुने तिकडे पाठवणं मला झेपणारं नाही. मोजके नमुने दोन्हीकडे तपासून किटचा कल बघितला तर परीक्षक ते ग्राह्य धरतात का?

ज्यांनी प्राण्यांवर किंवा माणसांवर, विशेषतः लहान मुलांवर, असं काम केलंय त्यांनी कृपया लिहावं. एकाच माकडाची त्याच्याशीच तुलना करायची असेल तर क्रिएटिनिन चालेल, असं मला वाटतं. पण दुष्काळी महिन्यांत तेही टिकेल का? नमुना पुरेल तिथे दोन्ही मोजून दोन्ही तऱ्हेने विश्लेषण मांडावं, असा मधला मार्ग मी सरांपुढे ठेवणार आहे. कुणी तसं केलं असेल आणि दोन उत्तरं जुळली नसतील, तर पुढे काय ठरवलं आणि का, हे सविस्तर सांगितलंत तर फार मदत होईल. नमुने गोळा करायला लागण्याआधी पद्धत पक्की करायची आहे.