वस्तूपेक्षा तिच्या वापराकडे पाहा

काहीजण म्हणतात की रोजच्या वस्तूंतून प्रेरणा मिळते, हे बोलायला ठीक, पण खरी नजर तयार होते ती चित्रप्रदर्शनं पाहूनच. प्रदर्शनांनी नजर तयार होते हे मान्य, पण रोजच्या वस्तूंतली प्रेरणा ही नुसती बोलायची गोष्ट आहे, हे मान्य नाही. खटाखट पातं पुढे सरकवायचा कटर घ्या. जपानमधल्या ओसाकात योशिओ ओकादा छपाईच्या कामात कागद कापायचे. ब्लेडची धार लगेच जायची आणि बाकीचं पातं वाया. चांभार काचेच्या तुकड्याने तळ खरवडतात आणि धार गेली की काच फोडून नवी कड काढतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यात आठवलं अमेरिकन सैनिकांकडचं चॉकलेट, खाचांवर मोडणारं. या दोन गोष्टी जोडून १९५६ साली त्यांनी तुकडे मोडता येणारं पातं बनवलं. हाच पुढे ओल्फा नावाचा कटरचा ब्रँड झाला. त्यांच्या ९ आणि १८ मिलिमीटर रुंदीच्या पात्यांची मापं आज जगभर चालतात. मला यात मोलाचं वाटतं ते हे, की चांभाराची काच दिसायला सुंदर नव्हतीच. ओकादांनी वस्तू पाहिली नाही, माणूस अडचणीतून वाट कशी काढतो ते पाहिलं. ते प्रदर्शनात दिसत नाही, कारण तिथे वस्तू कुणाच्या हातात नसते.

गणपतीच्या मखरासाठी आमच्याकडे पुठ्ठा कापताना बोथट पातं पक्कडीने मोडणारे बरेच दिसतात. बऱ्याच कटरच्या मागच्या टोकाला निघणारं टोपण असतं, त्याला फट असते. पात्याचा तुकडा त्यात अडकवून खाचेवर मोडायचा, त्यासाठीच ते दिलेलं असतं.