अनुभव धागा : लसीनंतर बाळाला झालेला त्रास आपण कसा नोंदवला?

बाळाला लस टोचून आणल्यावर आपण काय पाहिले, केव्हा पाहिले आणि कोणाला कळवले, हे येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. लस द्यावी की नाही, हा या धाग्याचा विषय नाही.

एक आई : त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लसीच्या रात्री मुलीला ताप आला. मांडीवर सुपारीएवढी गाठ होती आणि लंगोट बदलताना पाय हलला, की ती कळवळून रडे. मी दर चार तासांनी वेळ आणि ताप वहीत लिहीत गेले. ताप दुसऱ्या संध्याकाळी उतरला. गाठ मात्र तीन आठवडे हाताला लागत होती.

एक वडील : गोवर-गालगुंड-रुबेला लसीनंतर आठव्या दिवशी मुलाला ताप चढला आणि झटका (आकडी) आला. आठवडा उलटून गेल्यामुळे लसीची आठवणही आम्हाला झाली नाही. या लसीतले विषाणू जिवंत, पण क्षीण केलेले असतात, म्हणून तिचा ताप साधारण 5 ते 12 दिवसांनी येतो, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा कळले. त्यांनी बॅच क्रमांक, म्हणजे लसीच्या कुपीवरचा उत्पादन-क्रमांक, विचारला, तर कार्डावरचा तो रकाना कोराच! जिथे लस दिली, तिथल्या नोंदवहीतून तो मिळवायला दोन दिवस गेले, याचा राग मला अजूनही आहे. मूल सुखरूप आहे.

नोंदी तपासणारी डॉक्टर : लसीनंतर घडलेले सारे लसीमुळेच घडते असे नाही, पण ते ठरवण्याचा भार पालकांनी स्वतःवर घेऊ नये, नुसते कळवावे. अमेरिकेत 1998 साली आलेल्या रोटाव्हायरस (बाळांना जुलाब करणारा विषाणू) लसीनंतर काही बाळांच्या आतड्यात आतडे शिरल्याचे कळवले गेले, आणि असे 15 अहवाल जमताच जुलै 1999 मध्ये ती लस थांबवण्यात आली. सुमारे 10,000 बाळांत एखाद्यालाच होणारा हा त्रास आधीच्या चाचण्यांतून स्पष्ट झाला नव्हता. म्हणूनच तिथे पुढे आलेल्या रोटाव्हायरसच्या दोन्ही लसी प्रत्येकी 60,000 हून अधिक बाळांवर तपासल्या गेल्या.

एक परिचारिका : ‘खूप रडला’ एवढ्याने नोंद होत नाही, सलग तीन तास किंवा अधिक रडणे मात्र नोंदवावेच लागते. एका आईला वेळ आठवेना. मग तिने सांगितले, अंधार पडल्यापासून थोरली झोपेपर्यंत. थोरली दहाला झोपते, म्हणाली. आम्ही दोघींनी बोटांवर तास मोजले आणि अर्ज भरला.