मे ते डिसेंबर घर बंद : बुरशी, मोटर, वीजबिल आणि हयातीचा दाखला

पोफळीची बाग

नमस्कार मंडळी. निवृत्तीनंतर वर्षाचे सात महिने मुलीकडे टोरोंटोला आणि पाच महिने गुहागरजवळ गावी, असा मुक्काम असतो. घर चिऱ्याचं. पुढे ओटी-माजघरावर मंगलोरी कौलं, मागच्या दोन खोल्यांवर स्लॅब. विहिरीवर १ एचपीची मोनोब्लॉक मोटर, घरात इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी. शेजारी पंधरा दिवसांनी एकदा येऊन दार उघडतात, त्यापेक्षा जास्त त्यांना सांगवत नाही.

दर डिसेंबरात तेच. मागच्या खोलीतल्या कपाटात हिरवी बुरशी, मोटर नुसती गुणगुणते, बिल सरासरीचं, आणि नोव्हेंबरातला हयातीचा दाखला परदेशातून कसा द्यायचा ही धाकधूक. निघण्यापूर्वी नेमकं काय करावं आणि शेजाऱ्यांना काय सांगून ठेवावं? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं.

चिरा-कौल

आधी एक गैरसमज काढून टाका. "मध्येमध्ये दारं-खिडक्या उघडा" हा सल्ला जुलैत उलटा पडतो. बाहेर पाऊस लागलेला असताना हवेत नव्वद टक्क्यांच्या वर दमटपणा असतो, आणि खिडकी उघडली की तीच हवा आत येते. शेजाऱ्यांना सांगा : उघडीप असेल त्या दिवशी, अकरा ते तीनमध्ये या. खिडक्या उघडा, पंखे तासभर लावा, कपाटांची दारं सताड उघडी ठेवा, जाताना खिडक्या लावा आणि कपाटं तशीच अर्धी उघडी ठेवून जा. दिवस चुकला तरी चालेल, पण झडीत उघडू नये.

बुरशी मागच्याच खोलीत का? कौलांच्या फटींतून हवा खेळते, स्लॅबच्या बंद खोलीत ती हलतच नाही. त्यात पाऊस नैऋत्येकडून मारतो, जांभा (म्हणजे चिरा) पाणी पितो, आणि वर सिमेंटचा गिलावा असेल तर ओल आतच कोंडते. त्या भिंतीला टेकलेलं कपाट चार बोटं पुढे ओढा आणि पायांखाली विटा द्या. एवढ्यानेच निम्मा त्रास जातो.

कपड्यांचं : खळ केलेला कपडा ठेवू नका, खळ म्हणजे बुरशीचं जेवण. मेच्या उन्हात वाळवलेले कपडे गरम गरम घड्या घालून ठेवायचे नाहीत, सावलीत निवू द्या, मग ठेवा. चामड्याचे पट्टे-चपला कपड्यांत नकोत. गाद्या खाटेवर उभ्या करून वर जुनी सुती चादर टाका. प्लास्टिक गुंडाळलंत तर आतल्या आत घाम धरतो.

ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात. ते घट्ट बंद होणाऱ्या कपाटातच कामाचे. उघड्या खोलीत ठेवणं म्हणजे समुद्र उपसणं. भर पावसात महिन्याच्या आत डबा खारट पाण्याने भरतो आणि सांडला तर कपड्यांना डाग पडतात, बिजागऱ्या गंजतात. म्हणून डबा प्लास्टिकच्या टबात, तळच्या कप्प्यात. ज्या कपाटात डबा असेल ते मात्र बंदच ठेवायचं. अर्धं उघडं आणि डबाही, असं दोन्ही करून काही मिळत नाही.

शाकारणी (कौलं नीट लावून घेणं) मेच्या पहिल्या आठवड्यात आटपा, मृगाची वाट बघू नका. तौक्ते २०२१ मध्ये मेच्या मध्यालाच आलं, निसर्ग २०२० मध्ये ३ जूनला. पंचवीसएक कौलं आणि दोन-चार कोने (आढ्यावरची कौलं) जास्तीचे पडवीत रचून ठेवा, कारण वानरांनी उड्या मारल्या की जुलैत कौल फुटणार आणि त्या दिवसांत तुमच्या मापाचं कौल मिळणार नाही. दुपारी माजघरातून वर बघा : उजेडाचा ठिपका दिसला तर तिथे कौल सरकलंय. पन्हळीतला पातेरा (पालापाचोळा) काढणं सगळ्यात महत्त्वाचं. पन्हळ तुंबली की पाणी उलटं फिरून कौलांखालून भिंतीवर उतरतं आणि वाशांची टोकं कुजतात. घरावर आलेल्या माडाचे नारळ आणि सुकी झापं उतरवून घ्या.

स्लॅबवरची प्लास्टिकची टाकी रिकामी ठेवू नका, वादळात उडते. अर्धी भरलेली ठेवा, झाकण तारेने बांधा. न्हाणीघर आणि संडासाच्या जाळ्यांत पाणी ओतून वर दोन चमचे खाण्याचं तेल टाका. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर उडत नाही, म्हणून झुरळं आणि वास वर येत नाहीत. फ्रिज बंद करून पुसून कोरडा करा आणि दारात कापडाचा बोळा घाला, दार मिटता कामा नये. मिटलं तर रबराच्या घडीत काळं धरतं, ते पुढे निघता निघत नाही. गॅसचा रेग्युलेटर काढा, सिलिंडरला टोपी लावा. शेगडीची नळीही काढून डब्यात ठेवा, उंदीर ती सोडत नाहीत.

फेज-न्यूट्रल

मोटरबद्दल. गुणगुणते पण फिरत नाही, याची नेहमीची कारणं दोन : कॅपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा झटका देणारा डबा) गेला किंवा मोटर जाम झाली. ओळखायचं असं. मेन बंद करा. मोटरच्या मागची जाळी काढा आणि पंखा हाताने फिरवा. सहज फिरला तर कॅपॅसिटर बदला (त्यावर छापलेला आकडा बघून तेवढ्याचाच आणा). नाही फिरला तर आत इंपेलर (पाणी फेकणारं चाक) आणि बॉडी गंजाने चिकटलीत. पंख्याला हाताने मागेपुढे झुलवत सोडवा, हातोडी नको. आणि गुणगुणणारी मोटर "सुटेल हळूहळू" म्हणून चालू ठेवू नका. अडकलेली मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) बघता बघता जळतं.

उपाय स्वस्त आहे : शेजाऱ्यांनी पंधरा दिवसांनी दहा मिनिटं मोटर चालवावी. फक्त आधी पंपावरची पाणी ओतायची चावी उघडून पाणी ओतावं, काठोकाठ येऊन बुडबुडे थांबेपर्यंत. पाणी लगेच खाली जात असेल तर फूटव्हॉल्व्हमध्ये (विहिरीतल्या पाइपच्या तळाची झडप) कचरा अडकलाय. तशीच कोरडी चालवली तर सील जळतं आणि शाफ्टपाशी गळती लागते.

अजून एक. मोटर विहिरीच्या आतल्या टप्प्यावर बसवलेली असेल तर मेमध्येच वर घ्या. आपल्याकडे जुलैत विहीर तोंडाशी येते, मोटर पाण्याखाली जाते आणि दोष कंपनीला मिळतो.

बॅटरी : पूर्ण चार्ज करा, डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरा. इन्व्हर्टर बंद, मग प्लग बंद, मग आधी निगेटिव्ह वायर काढा. टर्मिनलला व्हॅसलीन लावा. दोन महिन्यांनी एकदा जोडून रात्रभर चार्ज. सात महिने सतत चार्जिंगवर सोडलीत तर पाणी आटून प्लेटा उघड्या पडतात, आणि नुसती ठेवलीत तर स्वतःच उतरत जाऊन प्लेटांवर सल्फेट बसतं. दोन्हीकडून बॅटरी जाते.

बिल सरासरीचं येतं म्हणजे मीटर पडवीत, कुलपाच्या आत असणार. रीडिंगवाला गेटवरून परत जातो. मीटर दर्शनी भिंतीवर बाहेर घेण्यासाठी महावितरणच्या शाखा कार्यालयात अर्ज द्या. तोपर्यंत महावितरणच्या ॲपमधून स्वतः रीडिंग पाठवता येतं. फोटो शेजाऱ्यांकडून मागवा, पण स्क्रीनवर तारीख, वेळ, मागणी असे आकडे आळीपाळीने येतात, त्यातला "केडब्ल्यूएच" (म्हणजे युनिट) लिहिलेलाच हवा. वापर शून्य असला तरी स्थिर आकार लागतोच, त्यामुळे थोडी रक्कम ॲडव्हान्स भरून जा.

पोफळीची बाग

मीटर पडवीतच आहे, बरोबर ओळखलंत. एक शंका : कॅमेरा लावलाय, त्यामुळे मेन बंद करता येत नाही. आणि तोही जुलैत कधीतरी बंद पडतो तो पडतोच.

फेज-न्यूट्रल

आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) पडत असणार. पावसाच्या बाजूच्या भिंतीतला एखादा प्लग किंवा बाहेरचा दिवा ओला झाला की थोडा करंट जमिनीत गळतो, ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी ताबडतोब पडते आणि सगळं घर बंद होतं. कॅमेरा आणि राउटरसाठी मेनपासून वेगळी लाइन ओढून तिला स्वतंत्र छोटी आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकत्र असलेला स्विच) द्या. बाकीच्या एमसीबी खाली पाडून ठेवा, पंखा-मोटरीपुरत्या शेजारी वर करतील. आरसीसीबी काढून थेट जोडून देणारा वायरमन भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. टीव्ही, फ्रिज, मिक्सर यांचे प्लग मात्र काढूनच ठेवा. विजा भर पावसात कमी, मे-जून आणि ऑक्टोबरात जास्त, आणि तेव्हा तुम्ही नसता.

पीपीओवाले

दाखल्याचं मी सांगतो. पेन्शन कुठली यावर सगळं आहे.

ईपीएस-९५ (पीएफवाल्यांची पेन्शन) असेल तर नोव्हेंबर विसरा. तो दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्यापासून बारा महिने चालतो. मेमध्ये निघण्याआधी देऊन मोकळे व्हा. केंद्र सरकारी असेल तर नोव्हेंबर, वय ८० च्या पुढे असेल तर १ ऑक्टोबरपासून. वेळेत गेला नाही तर पेन्शन थांबते, पण बुडत नाही. दाखला पोहोचला की थकबाकीसह सुरू होते.

परदेशातून दोन रस्ते. पहिला मोबाइलवरचा : "आधार फेस आरडी" आणि "जीवन प्रमाण" ही दोन्ही ॲप निघण्यापूर्वी इथेच टाकून एकदा उघडून बघा. आधी ऑपरेटर म्हणून चेहरा दाखवायचा (स्वतःचाच चालतो), मग पेन्शनर म्हणून आधार, मोबाइल आणि ओटीपी, मग पीपीओ (पेन्शनचा आदेश) नंबर, खातं आणि पेन्शन देणारी संस्था. चुका होतात त्या या शेवटच्या रकान्यात. मंजूर करणारं कार्यालय वेगळं, पैसे जमा करणारी बँक किंवा कोषागार वेगळं. चुकीचं निवडलं तरी प्रमाण आयडी (दाखल्याचा क्रमांक) मिळतो, आपण निर्धास्त होतो आणि तिकडे दाखला नाकारलेला असतो. म्हणून चार-आठ दिवसांनी स्थिती बघायचीच. चेहऱ्याला उजेड समोरून हवा, चष्मा काढा, सांगेल तेव्हा पापणी मिटा. आधारवरचा फोटो फार जुना असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत केंद्रावर जाऊन बदलून घ्या.

दुसरा रस्ता कागदाचा : बँकेचा नमुना भरून तिथल्या भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यासमोर किंवा नोटरीसमोर सही करून बँकेला पाठवा. पासपोर्ट आणि पीपीओची प्रत बरोबर ठेवा. टपालाचे दिवस धरून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच करा.

ओटीपीसाठी भारतातलं सिम कपाटात ठेवून जाऊ नका, फोनमध्ये घेऊन जा. रोमिंग इथूनच चालू करा, डेटा रोमिंग बंद ठेवा, रिचार्ज संपण्याची तारीख मुलीच्या फोनमध्ये टाका. प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही आणि शिल्लक २० रुपयांच्या खाली गेली तर नंबर जाऊ शकतो.

आणि सात महिने बाहेर म्हणजे भारतात १८२ दिवस भरत नाहीत, म्हणून तुम्ही अनिवासी ठरू शकता. बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयांतलं खातं) करायचं का, ते सीएला विचारून घ्या. पेन्शन एनआरओतही जमा होते, पण तिथे व्याजावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापला जातो, ज्येष्ठांचा "कर कापू नका" फॉर्म चालत नाही. जास्तीचा गेलेला विवरणपत्र भरून परत मिळतो.

चिरा-कौल

कुलपाचं राहिलं. गेटच्या कुलपात खोबरेल सोडू नका, खारी धूळ त्यात बसून चिकट होतं. पेन्सिलीचं शिसं कुटून त्याची पूड किल्लीला लावून दोन-चारदा फिरवा, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा टोपीसारखा बांधा. आणि शेजाऱ्यांकडे दोन किल्ल्या द्या, एक नेहमी नवी करकरीत, न वापरलेली.