दोनशे ईमेल-पत्ते गटात एकदम टाकू नका

बालाघाट : "लातूर, बीड, धाराशिवच्या वाचनालयवाल्यांसाठी गूगल ग्रुप्सवर ईमेल गट काढतोय, दोनशे पत्ते जमलेत, आज रात्री सगळे टाकतो" अशी पोस्ट काल इथं आपल्या चर्चेच्या पानावर पडली. (ईमेल गट म्हणजे एका पत्त्यावर टाकलेलं पत्र सगळ्या सभासदांना जातं.) खाली सगळ्यांनी अंगठे दिले. अहो, थांबवा त्यांना! न विचारता टाकलं की काहीजण 'स्पॅम' दाबतात, मग बाकीच्यांचीही पत्रं स्पॅममध्ये जायला लागतात. आमंत्रण पाठवा, जो स्वतः होकार देईल तोच सभासद. आधी ओळखीचे पंधरा-वीस घ्या, आठवडाभर चालवून बघा. नव्या माणसाचं पहिलं पत्र तपासूनच सोडा. आणि दुसरा चालक (ॲडमिन) आजच नेमा, तुमचं खातं अडकलं तर गट बेवारशी होतो.

तेरणा : ईमेल कोण उघडतंय आता? व्हॉट्सॲपवर १,०२४ माणसं मावतात, पाच मिनिटांत ग्रुप तयार. ड वर्गाच्या, म्हणजे सरकारी प्रतवारीत सगळ्यात खालच्या वाचनालयातला ग्रंथपाल मोबाइलवरच असतो. उगं जुन्या बैलाला नवी झूल कशाला?

बालाघाट : मग मागच्या मार्चचं अनुदानाचं परिपत्रक त्या ग्रुपवर शोधून दाखवा. 'सुप्रभात'च्या फुलांखाली गाडलेलं असेल. शिवाय प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना उघडा.

पूर्णाकाठ : साठून राहतं म्हणून ईमेलवरही विसंबू नका. याहू ग्रुप्स या अशाच ईमेल-गटांच्या सेवेनं डिसेंबर २०१९ मध्ये संकेतस्थळावरची जुनी पत्रं हटवली आणि १५ डिसेंबर २०२० ला दुकानच बंद केलं. एक वेगळं खातं गटाचं सभासद करून ठेवा, प्रत्येक पत्राची प्रत तिथं पडू द्या.
खरा प्रश्न कुणी विचारलाच नाही : 'उत्तर' दाबलं की पत्र कुठं जाणार? फक्त लिहिणाऱ्याला जावं. नाहीतर कुणीतरी खासगी समजून अध्यक्षांची उणीदुणी दोनशे जणांना पाठवतो.

दुधना : साफ चूक. प्रश्न यादीवर, म्हणजे गटावर, आणि उत्तर एकाच्या खिशात! वर्षभरानं जुनी पत्रं चाळाल तर नुसते प्रश्नच. 'सर्वांना उत्तर' हे बटण नवशिक्याला दिसतसुद्धा नाही.

पूर्णाकाठ : आणि रजेचं आपोआप उत्तर? 'मी २५ तारखेपर्यंत रजेवर' हे यादीवर जातं. तशी दोन खाती असली की ती रात्रभर एकमेकांना उत्तरं देत बसतात.

दुधना : जीमेलचं रजा-उत्तर यादीच्या पत्रांना जातच नाही, आणि एका माणसाला चार दिवसांत एकदाच जातं. जुनी भुतं दाखवून लोकांना घाबरवू नका.

पूर्णाकाठ : सगळं जग जीमेलवर आहे का? कार्यालयांच्या जुन्या सर्व्हरचं काय, तुम्ही जाऊन दुरुस्त करणार?

तेरणा : बघा, यादी निघायच्या आधीच जुंपली. व्हॉट्सॲपवर 'सर्वांना उत्तर' हे बटणच नाही.

दुधना : तिथं विचारच करावा लागत नाही, म्हणून तुम्हाला बरं वाटतं.

मोसंबी : बटणाचं राहू द्या. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टाइप केलेला मजकूर पत्रात चिकटवणाऱ्यांना आधी आवरा. दुसऱ्याच्या संगणकावर नुसती चिन्हांची खिचडी दिसते, शोधात एक शब्द सापडत नाही. नियमाची पहिली ओळ : मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट वाचता येईल अशा अक्षरांत. दुसरी : विषयाच्या रकान्यात 'नमस्कार' नको, 'अनुदान, ब वर्ग, लेखापरीक्षण' असं लिहा. तिसरी : सत्काराचे फोटो जोडू नका, जीमेलची मर्यादा २५ एमबीच आहे.

बालाघाट : तिन्ही घेतले. अजून एक : चालक स्वतः पत्र टाकतो, इनबॉक्समध्ये दिसत नाही, म्हणून तेच तीनदा टाकतो. गट बिघडलेला नसतो. आपण पाठवलेलं परत आलं की जीमेल त्याची दुसरी प्रत दाखवत नाही. खात्री करायची तर दुसऱ्या खात्यावर बघा.

पूर्णाकाठ : बरं, चर्चेची यादी असेल तर उत्तर यादीवर जाऊ द्या. नुसत्या सूचनांची असेल तर नाही. उणीदुणी आली की माझी आठवण काढा म्हणजे झालं.

नवा चालक : कालची पोस्ट माझीच. दोनशे रात्रीच टाकले हो. सकाळपासून 'माझं नाव काढा' अशी पत्रं सगळ्यांनाच जाताहेत.

बालाघाट : पहिलं काम, सगळ्यांची पत्रं तपासणीवर ठेवा, म्हणजे ती पुढं जायची थांबतील. मग एकच माफीचं पत्र. बाहेर पडायचा पत्ता त्यात अगदी वर द्या : गटाच्याच पत्त्यात ॲटच्या चिन्हाआधी प्लसचं चिन्ह आणि 'unsubscribe' (अनसबस्क्राइब) हा इंग्रजी शब्द. ज्यांनी नाव काढायला सांगितलं त्यांना आजच हातानं काढा, उत्तर देत बसू नका.